साथीचा पहारा : सामोआ बेटांची हकीकत व शेतकऱ्यांनीं घ्यावयाचा बोध

बाजारांतून नवा बैल घरीं आणला म्हणजे जाणता शेतकरी त्यास एकदम गोठ्यांत बांधीत नाहीं. कांहीं दिवस तो त्यास निराळ्या दावणीस ठेवितो, त्याची वैरण व पाण्याचें भांडें वेगळें करितो, आणि जनावर निरोगी आहे अशी खात्री पटल्यावरच त्यास इतर गुरांत मिसळूं देतो. लाळ-खुरकूत किंवा घटसर्प यांसारखे रोग नव्या जनावराबरोबर गोठ्यांत शिरतात, हें त्याला कोणी पुस्तकांतून शिकवावें लागत नाहीं. २०२२ सालीं लंपी चर्मरोगाची साथ आली, त्या वेळीं सबंध महाराष्ट्र हें नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालें, गुरांचे बाजार बंद पडले व जनावरांच्या ने-आणीवर बंधनें आलीं. त्यांत शेतकऱ्याचें नुकसान झालें खरें. तरी त्यामागील हेतु बहुतेकांस उमगला.

परंतु हाच नियम माणसांस लागू झाला म्हणजे मात्र तो आपणांस जाचक वाटूं लागतो. गांवची वेस बंद, बाजार बंद, परगांवीं गेलेला मुलगा बाहेरच अडकलेला, आणि शेतांत उभें पीक कोणाची वाट पाहत नाहीं. अशा स्थितींत मनाचा तोल जावा यांत नवल नाहीं. २०२० सालीं हा अनुभव आपण सर्वांनीं घेतला आहे. साथ ओसरल्यावर कोणी म्हणतात, सर्व निर्बंध व्यर्थ होते. कोणी म्हणतात, ते आणखी कडक हवे होते. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष अर्धवट आहेत. निर्बंध केव्हां फळास येतात व केव्हां फुकट जातात, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर तर्कानें शोधीत बसण्यापेक्षां प्रत्यक्ष घडलेल्या एका हकीकतींत पाहणें बरें. ती हकीकत फार दूरच्या मुलखांतील आहे, पण तेथील लोक आपल्यासारखेच शेतीवर जगणारे आहेत, म्हणून ती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

एकच लोक, दोन राज्यें

प्रशांत महासागराच्या दक्षिण भागांत, न्यूझीलंडमधील ऑकलंड बंदरापासून सुमारें १,८०० मैलांवर सामोआ नांवाचा बेटांचा समूह आहे. तेथील लोकांची भाषा एक, चालीरीती एक, सोयरीक एक. पण इ. स. १९०० च्या सुमारास परकीय राष्ट्रांनीं हीं बेटें आपसांत वांटून घेतलीं. पश्चिमेकडील सवाई व उपोलू हीं मोठीं बेटें जर्मनीकडे गेलीं, आणि पूर्वेकडील तुतुइला व त्याच्या जवळचीं लहान बेटें अमेरिकेकडे. पुढें पहिलें महायुद्ध सुरू होतांच, म्हणजे १९१४ च्या ऑगस्टांत, न्यूझीलंडच्या फौजेनें पश्चिम सामोआ ताब्यांत घेतला व तेथें लष्करी अंमल बसविला. उपोलू व तुतुइला यांच्यामधील समुद्र सुमारें ४० मैलांचा. इकडील होड्या तिकडे व तिकडील होड्या इकडे नेहमी जात-येत असत.

१९१८ सालीं पश्चिम सामोआंत सुमारें ३८,००० व अमेरिकन सामोआंत सुमारें ८,००० वस्ती होती. हवा तीच, अन्न तेंच, रक्त तेंच. त्या वर्षाच्या अखेरीस एका बाजूस दर पांच माणसांमागें एकाहून अधिक मृत्यु झाले. दुसऱ्या बाजूस या साथीनें एकही मृत्यु झाला नाहीं. एकाच बांधाच्या दोन बाजूंस एकच बीं पेरावें, आणि एक वाफा करपून जावा व दुसरा हिरवागार राहावा, असा हा प्रकार आहे. तेव्हां फरक बियाण्याचा नसून राखणीचा होता, हें उघड आहे.

आगबोट आली, आणि साथ उतरली

त्या वर्षीं सर्व जगभर इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती. ‘टॅलून’ नांवाची आगबोट ३० ऑक्टोबर १९१८ रोजीं ऑकलंडहून निघाली. त्या वेळीं ऑकलंड शहरांत साथीचा जोर वाढत चालला होता. तरी तेथून बाहेर जाणाऱ्या जहाजांवर कांहीं बंधन घातलेलें नव्हतें. वाटेंत फिजी बेटांतील सुवा बंदरांत ती लागली, तेव्हां तेथील अधिकाऱ्यांनीं तिला क्वारंटीनमध्यें ठेवलें; क्वारंटीन म्हणजे रोगाचा संशय असलेल्यांस ठराविक दिवस इतरांपासून निराळें ठेवणें. पुढें ७ नोव्हेंबर रोजीं ती पश्चिम सामोआच्या आपिया बंदरांत आली. बोटीवर आजारी माणसें होतीं. परंतु सुवा येथें आपणांस निराळें ठेवलें होतें, ही गोष्ट बोटीवरून आपियाच्या आरोग्याधिकाऱ्यास कळविली गेली नाहीं, आणि त्यानेंही फारशी कसून चौकशी न करितां उतारूंस किनाऱ्यावर जाण्याची परवानगी दिली.

एवढीच चूक. पण आठवडा उलटला नाहीं तोंच उपोलू बेटावर घरोघर ताप पसरला, आणि तेथून तो सवाई बेटावर गेला. सुमारें दोन महिन्यांच्या आंत जवळजवळ ८,५०० माणसें मेलीं, म्हणजे शेंकडा २२. प्रौढ पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ३०, स्त्रियांत २२ व मुलांत १० होतें, असा अंदाज आहे. म्हणजे घरांतील कर्ते हातच अधिक गेले. प्रेतांस स्वतंत्र मूठमाती देण्यासही माणसें उरलीं नाहींत, म्हणून ठिकठिकाणीं मोठे खड्डे खणून त्यांत तीं एकत्र पुरावीं लागलीं.

या वेळीं तेथील लष्करी कारभारी कर्नल लोगन हे होते. शेजारच्या अमेरिकन सामोआनें वैद्यकीय मदत देऊं केली असतां ती त्यांनीं घेतली नाहीं. उलट आपल्या टपालाच्या बोटीस तिकडे अडवून ठेवल्याचा राग येऊन त्यांनीं शेजाऱ्यांशीं असलेला बिनतारी संदेशांचा व्यवहारच बंद केला. शेजाऱ्यानें रोगट जनावर आपल्या पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं म्हणून त्याच्याशीं बोलणें टाकावें, तशांतला हा प्रकार होय.

पलीकडच्या बेटावरील बंदोबस्त

तुतुइला बेटावर अमेरिकन आरमाराचे अधिकारी जॉन पॉयर हे गव्हर्नर होते. बिनतारी यंत्रावरून जगांतील साथीच्या बातम्या त्यांच्या कानीं येत होत्या. येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्यांच्यापाशीं या रोगावर औषध नव्हतें, लस नव्हती, कीं रोगी ओळखण्याची कोणती परीक्षाही नव्हती. इन्फ्लुएंझाचा विषाणु माणसांत प्रथम सांपडला तोच मुळीं १९३३ सालीं. त्यांच्या हातीं दोनच साधनें होतीं : अंतर आणि दिवस. त्यांनीं बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जहाजास बंदरांत अडवून ठेवण्याचा नियम केला, आणि त्यांतून टपालाच्या बोटीसही सूट दिली नाहीं.

परंतु मोठीं जहाजें एकाच बंदरांत येतात. लहान होडी कोणत्याही वाळवंटावर लागते. उपोलू बेटावर कोणाची बहीण दिलेली, कोणाची सासुरवाडी. आजारी नातलगास पाहावयास जावें किंवा त्यांस इकडे आणावें असें कोणास वाटणार नाहीं? सरकारी शिपायांच्या बळावर एवढा किनारा राखणें शक्यच नव्हतें. तो राखला तेथील सामोअन लोकांनीं. गांवोगांवच्या माणसांनीं आपापल्या किनाऱ्यावर पहारा ठेवला व पलीकडून आलेल्या होड्या परत लाविल्या. हा पहारा एक-दोन आठवडे नव्हे, तर साथीचा पहिला जोर ओसरल्यावरही पुष्कळ काळ चालू राहिला. पॉयर यांस पुढें या कामगिरीबद्दल अमेरिकेच्या आरमाराचें ‘नेव्ही क्रॉस’ हें पदक मिळालें. पण त्या पदकाचा अर्धा मान किनाऱ्यावर रात्री जागून काढणाऱ्या त्या अनाम गांवकऱ्यांचा आहे, असें आम्हांस वाटतें.

थोड्या दिवसांच्या अडवणुकीनें काय साधतें ?

येथें कोणी विचारील कीं, बोट चार-पांच दिवस थांबवून ठेवल्यानें रोग कसा टळतो? त्याचें कारण असें. रोगाचें बीज शरीरांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत कांहीं काळ जातो. बीं पेरल्यापासून कोंब वर येईपर्यंत जसे दिवस लागतात, तसेंच हें आहे. फक्त प्रत्येक रोगाचे दिवस ठरलेले असतात. इन्फ्लुएंझाचे हे दिवस एकापासून चारपर्यंत असतात. म्हणून पांच दिवस निराळें ठेवलेल्या मंडळींत कोणासही ताप आला नाहीं, तर त्यांच्यांत रोग नाहीं असें धरण्यास हरकत नसते. कोरोनाच्या साथींत आरंभीं हे दिवस दोनपासून चौदापर्यंत धरले गेले. म्हणूनच त्या वेळीं चौदा दिवसांचा नियम सर्वत्र झाला. दिवसांचा आंकडा अधिकाऱ्याच्या लहरीवर नसून रोगाच्या स्वभावावर ठरतो, हें यावरून दिसेल.

मात्र त्यांत एक अट आहे. निराळें ठेवलेल्यांपैकीं एकास जरी ताप आला, तरी त्याच्या सोबत्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले पाहिजेत. कारण त्याचा रोग त्या दिवशीं दुसऱ्यास लागला असण्याचा संभव असतो. ‘टॅलून’ आगबोट ऑकलंडहून निघून आपियास पोहोंचेपर्यंत आठ दिवस झाले होते. तरी तिच्यावर रोग जिवंत होता, तो याच कारणानें. एकाचा ताप उतरतो तोंच दुसऱ्यास चढतो, आणि अशा रीतीनें ही सांखळी बोटीबरोबर पुढें जाते. तेव्हां नुसते दिवस मोजून भागत नाहीं. त्या दिवसांत माणसांकडे लक्ष ठेवावें लागतें व खरें तें सांगावें लागतें. आपिया येथें या दोन्ही गोष्टी चुकल्या.

रोगामागून भूक

आतां शेतकऱ्यांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा भाग. सामोआच्या लोकांचें मुख्य अन्न ‘तारो’ हें आहे. हा तारो म्हणजे आपल्या परसांतील अळूच होय. आपण त्याच्या पानांची भाजी व वड्या करितों. तेथें त्याचे मोठे कंद भाजून किंवा शिजवून पोटभर खातात. त्याच्या जोडीस केळीं, नारळ, आणि आपल्या कोंकणांत होतो तोच नीरफणस. हीं सर्व पिकें मुबलक येतात, पण त्यांत एक उणीव आहे. ज्वारी-बाजरीप्रमाणें तीं कणगींत भरून वर्षभर ठेवतां येत नाहींत. उपटलेला अळूचा कंद थोड्याच दिवसांत सडूं लागतो, व नीरफणस तर पिकल्यावर दोन-चार दिवसही टिकत नाहीं. म्हणून त्या मुलखांत रोजच्या रोज कोणी तरी मळ्यांत जावें, कंद खणावे, ते घरीं आणून चूल पेटवावी, तेव्हां घर जेवतें.

साथ सावकाश आली असती तर एक पडला तरी दुसरा उठला असता. पण पश्चिम सामोआंत दहांपैकीं सुमारें नऊ माणसें थोड्याच दिवसांत एकदम अंथरुणास खिळलीं. मळ्यांत कंद होते, झाडांस फळें होतीं, पण तीं आणावयास हात नव्हते. तापांतून जे वांचले असते, असेही कित्येक केवळ पाणी व पेज देणारें कोणी नसल्यामुळें दगावले. साथ संपल्यावरही कर्तीं माणसें गेल्यामुळें मळे ओसाड पडले व अन्नाचा तुटवडा राहिला. यावरून असें दिसतें कीं, साथींत माणसें मरतात तीं सर्वच रोगानें मरत नाहींत. त्यांतील कांहीं कामाची व अन्नाची घडी एकदम विसकटल्यामुळें मरतात. आपल्या धान्याचे सांठे टिकाऊ आहेत हें खरें. पण दुभत्या गाईची धार, पिकलेलीं द्राक्षें, तोडणीस आलेली भाजी, यांची गोष्ट त्या नीरफणसासारखीच आहे.

शंभर वर्षांनंतर

हा घाव सामोआचे लोक विसरले नाहींत. न्यूझीलंडच्या राज्याविरुद्ध पुढें जी चळवळ झाली, तिच्या मुळाशीं या साथीचा संतापही होता. १ जानेवारी १९६२ रोजीं पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. आणि २००२ सालीं, त्या स्वातंत्र्याच्या चाळिसाव्या वर्षीं, न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनीं आपियास जाऊन या व इतर चुकांबद्दल त्या राष्ट्राची क्षमा मागितली.

त्यानंतरच्या दोन साथी आपल्या विषयास पूरक आहेत. २०१८ सालीं तेथें लस तयार करतांना पाण्याऐवजीं चुकून दुसरें औषध मिसळलें गेल्यामुळें दोन तान्हीं मुलें दगावलीं. लोकांचा लसीवरील विश्वास उडाला व टोंचणीचें काम मागें पडलें. पुढच्याच वर्षीं गोंवराची साथ आली आणि ८३ जीव गेले. त्यांत बहुतेक पांच वर्षांखालील मुलें होतीं. तेव्हां ५ व ६ डिसेंबर २०१९ रोजीं सरकारनें सर्व व्यवहार बंद ठेवून लोकांस घरीं बसण्यास सांगितलें. ज्या घरांत लस न टोंचलेलें माणूस असेल त्या घरानें बाहेर तांबडें फडकें लावावें, म्हणजे टोंचणारी मंडळी तेथें येईल, अशी योजना केली. या वेळचा निर्बंध माणसांस नुसतें कोंडण्यासाठीं नव्हता. त्या दोन दिवसांत दारोदार जाऊन लस पोहोंचवावयाची होती, आणि तसें झाल्यावर साथ लवकरच आटोक्यांत आली.

नंतर २०२० च्या मार्चांत कोरोनाच्या भयानें दोन्ही सामोआंनीं आपलीं दारें लावून घेतलीं. रोग गांवांत पसरूं लागला तो अमेरिकन सामोआंत २०२२ च्या फेब्रुवारींत व सामोआंत त्याच वर्षाच्या मार्चांत. या दोन वर्षांत बहुतेक प्रौढ लोकांस लस मिळालेली होती. त्यामुळें दोन्हीकडे मृत्यूंची संख्या पन्नासाच्या आंत राहिली. बांध घातल्यानें पूर कायमचा नाहींसा होत नाहीं, पण पीक काढून घेण्यास वेळ मिळतो. साथीच्या निर्बंधाचें तेंच काम आहे, आणि मिळालेला वेळ कारणीं लावला तरच त्या निर्बंधाचें सार्थक होतें.

तथापि या बंद दाराची किंमत कोणी तरी भरलीच. अमेरिकन सामोआचे शेंकडों रहिवासी जवळजवळ वर्षभर बाहेर अडकून पडले. न्यूझीलंडच्या फळबागांत हंगामी कामास गेलेले सामोअन मजूरही काम संपल्यावर कित्येक महिने घरीं परतूं शकले नाहींत. निर्बंधाचा लाभ सर्वांस होतो, पण त्याचा भार असा थोड्यांच्या माथीं पडतो, हें विसरणें अन्यायाचें होईल.

आपल्या घरचा अनुभव

आपल्या प्रांतासही हे धडे नवे नाहींत. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या वेळीं लष्करी शिपाई घराघरांत शिरून झडत्या घेऊं लागले, तेव्हां लोक भयानें व संतापानें रोगी लपवूं लागले. म्हणजे नियम कडक असूनही रोगास आडोसा मिळाला. १९१८ सालीं तीच इन्फ्लुएंझाची साथ जून महिन्यांत मुंबई बंदरांतून आपल्याकडे शिरली. जुनीं माणसें तिला ‘मानमोडी’ म्हणत. पावसाळ्याच्या अखेरीस तिनें दुसऱ्यानें उचल खाल्ली. त्यांतच त्या वर्षीं पाऊस अपुरा झाला होता, आणि मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लाख माणसें गेलीं. रोग व भूक हातांत हात घालून आलीं, तीं सामोआप्रमाणेंच.

२०२० च्या मार्चांत देशभर टाळेबंदी २५ तारखेस सुरू झाली, आणि शेतीचीं कामें, मळणीचीं यंत्रें व बाजार समित्या यांस तींतून सूट देणारा हुकूम २७ तारखेस निघाला. तें योग्यच झालें. परंतु मूळच्याच हुकुमांत ती सूट असती तर बरें झालें असतें. एक लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या आवारांत बायकामुलांसह अडकून पडले होते. त्यांची तपासणी करून घरीं पाठविण्याची परवानगी एप्रिलच्या मध्यावर मिळाली, तोंपर्यंत त्यांनीं पालांत व बैलगाड्यांखालीं दिवस काढले. न्यूझीलंडच्या बागांतील सामोअन मजुरांची व आपल्या ऊसतोड्यांची स्थिति या बाबतींत एकच होती.

काय करावें

या सर्व हकीकतीवरून आम्ही असा निष्कर्ष काढितों कीं, साथीचा निर्बंध फलद्रूप होण्यास चार गोष्टी लागतात. पहिली, तो वेळेवर पाहिजे. रोग वेशीच्या आंत आल्यावर वेस लावण्यांत फारसा अर्थ नाहीं. दुसरी, तो सर्वांस सारखा पाहिजे. एका बोटीस सूट मिळाली कीं सर्व पहारा व्यर्थ होतो. तिसरी, तो लोकांनीं आपला मानला पाहिजे, आणि त्यासाठीं त्याचें कारण व दिवसांचा हिशेब त्यांस आधीं समजावून दिला पाहिजे. चौथी, ज्यांस अडवावयाचें त्यांच्या अन्नाची व ज्यांचें काम थांबतें त्यांच्या शेताची व्यवस्था त्याच हुकुमांत असली पाहिजे.

यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातीं आहेत; पण उरलेल्या दोन बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीनें व सहकारी सोसायटीनें स्वस्थतेच्या काळींच कांहीं गोष्टी ठरवून ठेवाव्या. बाहेरगांवाहून आलेल्यांस उतरण्यास शाळा किंवा धर्मशाळा कोणती, व त्यांस शिधा कोणी पोहोंचवावा. एखादें घर आजारी पडल्यास त्याच्या गुरांची वैरण व धार कोणी पाहावी. काढणीस आलेलें पीक कोणत्या शेजाऱ्यानें काढावें. गांवांत कामास आलेल्या परक्या मजुरांची जबाबदारी कोणावर. हीं नांवें एका वहींत लिहून ती चावडींत ठेवावी. यास खर्च जवळजवळ नाहीं. तुतुइलाच्या गांवकऱ्यांनीं किनारा राखला, तो त्यांस आपला पाळीचा पहारा कोणता व तो कशासाठीं हें ठाऊक होतें म्हणून. पुढची साथ केव्हां येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. पण ती आली म्हणजे आपलें गांव आपियासारखें सांपडावें कीं तुतुइलासारखें, याचा विचार आजच करणें शहाणपणाचें होईल, अशी आमची सर्व शेतकरी बंधुभगिनींस विनंती आहे.